निझ्नी नोव्हगोरोदची जत्रा फळीवर: प्रतिकृतीच्या कामाच्या नोंदी

१४ जून २०२५

आमच्या वाचनालयात ‘बाजार आणि जत्रा’ असं प्रदर्शन भरायचं आहे. त्यात माझ्याकडे आलेला भाग म्हणजे साम्राज्याच्या काळात सरकार आणि पोलीस मोठ्या व्यापारी जत्रेवर ताबा कसा ठेवत. नाशिकमध्ये पुढच्या सिंहस्थाची तयारी चालू असल्यानं बंदोबस्त हा शब्द रोज कानावर पडतो. तरी मी मुद्दाम लांबचं उदाहरण घेतलं: रशियन साम्राज्यातली निझ्नी नोव्हगोरोदची जत्रा.

कारण साधं आहे. बहुतेक जत्रा शतकानुशतकं आपोआप वाढत जातात आणि पोलीस नंतर येतात. इथे उलटं घडलं. ही जत्रा आधी व्होल्गा नदीच्या काठी मकार्येव मठाजवळ भरायची. ऑगस्ट १८१६ मध्ये तिथे मोठी आग लागून बाजार जळाला. सरकारनं तो तिथे पुन्हा न उभारता १८१७ मध्ये निझ्नी नोव्हगोरोदला हलवला, जिथे ओका नदी व्होल्गाला मिळते तिथे. आखणीचं काम झारच्या चाकरीतला स्पॅनिश अभियंता आगुस्तिन दे बेतांकुर याच्याकडे दिलं आणि १८२२ मध्ये दगडी दुकानं उघडली. पाणी कुठे, दुकान कुठे, गव्हर्नर कुठे बसणार, सगळं कोऱ्या कागदावर ठरवलेलं. असं ठिकाण प्रतिकृतीत दाखवता येतं.

आज फळी ठरवली. १२ एमएम प्लायवुड, चार फूट बाय तीन फूट. आधी १:१००० प्रमाणात जमिनीवर खडूनं आखून पाहिलं, तर जत्रा तेवढी मावली. नदी आणि पूल बाहेर. पुलाशिवाय ही जत्रा दाखवण्यात अर्थ नाही, म्हणून १:२००० घेतलं. आता एकटी ओकाच फळीचा मोठा भाग खाते, पण ते खरंच तसं आहे. उंचीचं प्रमाण दुप्पट ठेवलं. नाहीतर दुकानं चार मिलिमीटरची होतात आणि लहान मुलांना ती दिसणारच नाहीत.

२२ जून

जमिनीचे थर. उजव्या काठाला उंच कडा, त्यावर जुनं शहर आणि क्रेमलिनची, म्हणजे शहराच्या किल्ल्याची, तटबंदी. डाव्या काठाला, दोन नद्यांच्या बेचक्यात, जत्रेची सखल जागा. वसंतात बर्फ वितळलं की ही जागा पुराखाली जायची. बेतांकुरनं भराव घालून ती उचलली आणि खाली लाकडी खांब ठोकून इमारती उभ्या केल्या. थर्माकोलचे दोन थर देऊन मी तो भराव वेगळ्या रंगात ठेवणार आहे. भराव कुठे संपतो तिथे मुख्य जत्रा संपते आणि बाहेरची वस्ती सुरू होते. ही रेघ पुढे कामाला येईल.

मग कालवा कोरला. मुख्य बाजाराला तीन बाजूंनी वेढणारा, घोड्याच्या नालेच्या आकाराचा. त्यातून माल दुकानांजवळ आणता यायचा आणि आग लागली तर पाणी हाताशी असायचं. मकार्येवची आग सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ताजी होती. तिसरा उपयोग मला कोरताना कळला: कालव्यामुळे मुख्य बाजारात शिरायच्या वाटा मोजक्याच उरतात. कालव्यावरचे पूल सांभाळले की आतला बाजार सांभाळला.

थर्माकोल कापायला तापलेली तार वापरा. कटरनं कापलं की कडा चुरमुऱ्यांसारख्या सुटतात आणि रंगात मिसळतात.

२८ जून

आजचा दिवस पूर्ण वाया. प्रतिकृतीत पाणी दाखवायला स्वस्त पडतं म्हणून पॉलिएस्टर रेझिन आणलं होतं. कालव्यात ओतल्यावर थोड्याच वेळात थर्माकोलच्या भिंती विरघळून आत कोसळल्या. कालव्याचं तळं झालं आणि भरावाचा अर्धा भाग गेला. रेझिन, हार्डनर आणि थर्माकोल मिळून सुमारे १,४०० रुपयांचं नुकसान. वास दोन दिवस घरात राहिला तो वेगळाच.

हे करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: पॉलिएस्टर रेझिन थर्माकोल खातं. स्प्रेचे बरेचसे रंगही खातात. इपॉक्सी खात नाही, पण एकदम जाड ओतलं तर तापतं आणि त्या उष्णतेनं थर्माकोल बसतो. आता खड्ड्यांना आतून पीओपीचा हात देऊन त्यावर इमल्शनचे दोन हात मारणार. इपॉक्सी दोन-तीन मिलिमीटरच्या थरांत ओतणार.

६ जुलै

पाऊस थांबायला तयार नाही. पीओपी सुकत नाही आणि ओल्या पीओपीवर रंग धरत नाही. फळीलाही बाक आला, मधे बोटभर. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी फळी उलटी करून पाहिली आणि म्हणाले, “साहेब, खालून पट्ट्या मारल्याशिवाय हे सरळ राहणार नाही. आणि खालची बाजू कोरी का ठेवली? रंग दोन्हीकडून द्यायचा, नाहीतर एकच बाजू पाणी पिते.” खाली सागाच्या चार पट्ट्या आडव्या-उभ्या, स्क्रूनं घट्ट केल्या आणि खालून प्रायमर दिला. मजुरी धरून ९०० रुपये. फळी तीन दिवसांनी सरळ झाली.

पावसात इपॉक्सीही ओतू नका. दमट हवेत वरचा थर धूसर आणि चिकट राहतो. मी पंखा बंद करून, खोलीत शंभरचा दिवा लावून, वरून खोकं झाकून एक छोटा तुकडा ओतून पाहिला. तो चांगला बसला. बाकीचं उघडीप मिळाली की.

१९ जुलै

दुकानांच्या रांगा बसल्या. ८ एमएम सनबोर्डच्या (हलक्या फोमच्या बोर्डाच्या) पट्ट्या, वरून कागदी छपरं. बाजाराच्या मधोमध सरळ अक्ष आहे: एका टोकाला मुख्य प्रशासकीय इमारत, दुसऱ्या टोकाला स्पास्की कॅथीड्रल, जे वास्तुविशारद मॉनफेराँनं आखलं. पीटर्सबर्गचं सेंट आयझॅक कॅथीड्रल ज्याचं, तोच. जवळच चिनी धर्तीच्या छपरांच्या रांगा, चहाच्या व्यापारासाठी. मशीद आणि आर्मेनियन चर्चही होतं, कारण तातार, इराणी, बुखारी, आर्मेनियन व्यापारी नेमानं येत. ती दोन्ही मी ठळक रंगात केली आहेत. प्रार्थनास्थळं आखणीतच ठेवली, याचा अर्थ कोण येणार हे सरकारनं आधीच धरलं होतं.

आज सगळ्यात जास्त वेळ गेला तो जमिनीखालच्या भागावर. बेतांकुरनं बाजाराखालून दगडी भुयारी गटारं बांधली, आत शौचालयं, उतरायला जिने, आणि पाण्यानं धुऊन काढायची सोय. १८२२ सालासाठी ही फार पुढची गोष्ट. फळीच्या पुढच्या कडेला थर्माकोल उभा कापून हा छेद उघडा ठेवला आणि समोर ॲक्रेलिकची पट्टी लावली. आगीच्या भीतीनं बाजारात उघड्यावर धूम्रपानाला बंदी होती, आणि भुयारात मात्र ओढायची मुभा होती. पहारा करणाऱ्याच्या दृष्टीनं याचा विचार करा. हजारो माणसांना तंबाखू सोडा म्हणून सांगता येत नाही. पण ओढायची जागा जमिनीखाली, दगडाच्या आत नेली, की ठिणगी मालापाशी पोचत नाही. हा नियम शिपायापेक्षा गवंड्यानं जास्त पाळून घेतला.

२० जुलै

पोलीस कसे दाखवायचे, हा प्रश्न आज सोडवायला घेतला. पहिला प्रयत्न लाल टाचण्यांचा. पुलावर, चौकांत, मुख्य इमारतीपाशी, धक्क्यांवर टाचण्या लावल्या आणि शेजारच्या काकांना पाहायला बोलावलं. ते पोलीस खात्यातून निवृत्त झाले, सिंहस्थाचा बंदोबस्त त्यांनी जवळून पाहिला आहे. २७ ऑगस्ट २००३ ला नाशिकमध्ये चेंगराचेंगरीत ३९ जणांचा जीव गेला, तेव्हा ते नोकरीतच होते.

काका बराच वेळ फळीभोवती फिरले. मग म्हणाले, “इतक्या टाचण्या कशाला लावल्यास रे? जत्रेत माणूस मोजायचा नसतो, वळवायचा असतो. यांचा पूल एकच आहे ना? मग मला पुलाचं सांग. जायची वाट आणि यायची वाट वेगळी होती का? गाडी आणि पायी माणूस एकाच फळीवरून जायचा का? घाटावर आम्ही शंभर शिपाई उभे केले तरी बांबूचा कठडा चुकीच्या जागी असला की शिपाई गर्दीत सापडतो.”

मी म्हटलं, “काका, पण पोलीस दिसलेच नाहीत तर विषय कसा कळणार?”

“पोलीस दिसणं हा शेवटचा उपाय,” ते म्हणाले. “आधी काय काय आहे ते दाखव.”

टाचण्या काढल्या. भोकं बुजवायला पुट्टी आणि पुन्हा रंग, म्हणजे आणखी एक रविवार. पण प्रतिकृतीची दिशा आज ठरली. एक व्यापारी येतो तेव्हापासून त्याच्या दुकानाच्या दारापर्यंत एक वाट काढायची आणि त्या वाटेवर सरकार त्याला जिथे जिथे भेटतं तिथे एकेक दिवा.

२७ जुलै

आजची तारीख जुळून आली. जत्रा अधिकृतपणे १५ जुलैला उघडायची, पण ती रशियाची जुनी ज्युलियन तारीख. एकोणिसाव्या शतकात दोन पंचांगांत १२ दिवसांचा फरक होता, म्हणजे आपल्या हिशोबानं २७ जुलै. काही माहितीपत्रकांत दोन्ही प्रकारच्या तारखा मिसळल्या आहेत आणि त्यावरून केलेली दोन लेबलं मला फाडावी लागली. आता सगळीकडे जुनी तारीख आणि खाली एकदाच खुलासा. असं काही करत असाल तर लेबल छापण्याआधी सगळ्या तारखा एकाच पंचांगात आणा.

पहिला दिवा मुख्य इमारतीचा. झेंडे वर चढले की जत्रा उघडली, उतरले की मिटली. सोबत धार्मिक विधी. जत्रेच्या दिवसांत गव्हर्नर आपलं बिऱ्हाड डोंगरावरच्या शहरातून खाली या इमारतीत हलवायचा. कडा चढून अर्ज द्यायला कोणी जात नाही, हे त्यांना माहीत होतं. भांडण, चोरी, तक्रार, सगळ्याचा निकाल बाजारातच लागायचा. जुनी इमारत जाऊन तिथे १८९० मध्ये आत्ताची तांबड्या विटांची इमारत झाली. मी जुनीच केली आहे, कारण माझी फळी १८६० च्या आसपासची आहे. पण १८९२ ची एक गोष्ट तिच्यावर येणार आहे, म्हणून तो भाग निराळ्या तुकड्यावर करून बाजूला जोडायचं ठरलं.

९ ऑगस्ट

राखीपौर्णिमा, तरी दुपारभर वायरिंग. तांब्याची चिकटपट्टी आधी वापरली होती. दमट हवेनं ती सुटली आणि दिवे लुकलुकायला लागले. आता फळीला खालून भोकं पाडून साधी बेल वायर, प्रत्येक एलईडीला आपला रेझिस्टर, आणि बारा व्होल्टचा अडॅप्टर. बटणं पुढच्या कडेला. प्रत्येक वायरला नंबरचा कागद चिकटवा. मी पहिल्या चारांना चिकटवला नव्हता आणि उलटी फळी पुन्हा उघडावी लागली.

दुसरा दिवा कागदांचा. रशियन साम्राज्यात शेतकरी वा कर देणारा माणूस गाव सोडून लांब जाणार तर त्याच्याकडे परवाना हवा. जत्रेत उतरला की धर्मशाळेचा किंवा भाड्याच्या खोलीचा मालक त्याची नोंद पोलिसांकडे देणार. १८६१ मध्ये भूदासपद्धत, म्हणजे शेतकरी जमीनदाराच्या मालकीचा असण्याची पद्धत, बंद झाली. त्याआधी याला आणखी एक पदर होता. इवानोवोचे छापील कापडाचे आणि पाव्लोवोचे कुलपं-सुऱ्यांचे कितीतरी व्यापारी काउंट शेरेमेत्येवचे भूदास होते. हाताखाली कामगार, तिजोरीत पैसा, पण जत्रेला यायचं तर मालकाची परवानगी. त्यांचा कागद तपासणारा पोलीस मालकाच्या वतीनं तपासत होता असंच म्हणावं लागेल. या दिव्याचं लेबल मी सगळ्यात मोठं केलं आहे. बाजार मोकळा वाटतो, माल मोकळा फिरतो, आणि माल विकणारा माणूस दुसऱ्याच्या मालकीचा. हे पाहणाऱ्यानं वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

तिसरा दिवा रेल्वे स्टेशनचा. १८६२ मध्ये मॉस्कोहून गाडी आली आणि स्टेशन झालं डाव्या काठाला, कुनाविनो वस्तीत, जत्रेच्या अगदी शेजारी. त्याआधी लोक मुख्यतः नदीनं आणि पुलावरून येत. आता एक मोठा लोंढा पूल न ओलांडताच जत्रेत शिरायला लागला. काकांना हे सांगितलं तर ते लगेच म्हणाले, “म्हणजे नाका फिरला.” फळीवर स्टेशन बसवल्यावर ते अगदी स्पष्ट दिसतं.

१७ ऑगस्ट

पूल. ओकेवर दर वर्षी पूर ओसरला की तराफ्यांवर तरंगता पूल बांधायचे आणि थंडीपूर्वी काढायचे. शहर आणि जत्रा जोडणारा रस्ता तोच. आइस्क्रीमच्या काड्यांचे तराफे, वर पातळ व्हिनियर. इपॉक्सीच्या शेवटच्या थरात अर्धे बुडवून बसवले, त्यामुळे ते खरंच तरंगताना दिसतात. थर ओतल्यावर आणि घट्ट होण्याआधी, जाड मधासारखा झाला की बसवायचे. आधी बसवले तर कलंडतात.

चौथा दिवा पुलाच्या दोन्ही तोंडांना. पोलिसांच्या जोडीला जत्रेत कोसॅक, म्हणजे झारच्या लष्करातले घोडेस्वारही फिरत. जत्रेपुरते वेगळे जत्रा-पोलीस नेमले जात, कायमच्या शहर पोलिसांवर एवढा भार झेपणारा नव्हता. १८७९ मध्ये तर झारवरच्या हल्ल्यांच्या भीतीनं काउंट इग्नात्येव याला इथे तात्पुरता गव्हर्नर-जनरल नेमलं गेलं, वाढीव अधिकारांसकट. तोवर सरकारची भीती चोरी आणि आग यांच्या पुढे गेली होती. एवढे लोक एकत्र आले की ते काय बोलतील, हीसुद्धा भीती होती.

यालाच लागून १८९२ चा तुकडा. त्या उन्हाळ्यात पटकीची (कॉलऱ्याची) साथ व्होल्गानं वर सरकत आली. आस्त्राखान आणि सारातोवला दंगे झाले, ख्वालिन्स्कमध्ये जमावानं डॉक्टर मोल्चानोव्ह यांचा जीव घेतला. लोकांना वाटत होतं की डॉक्टरच माणसं मारतात. निझ्नीत गव्हर्नर निकोलाय बारानोव्हनं जत्रा बंद केली नाही. नदीत बार्जवर (सपाट मालवाहू बोटीवर) तरंगतं रुग्णालय उभं केलं, स्वतःचं निवासस्थानही रुग्णांसाठी दिलं. आणि दुसरीकडे अफवा पसरवणाऱ्यांना जाहीर धमक्या. एकाला तर त्याच तरंगत्या रुग्णालयात सेवेला धाडलं.

हा तुकडा करताना मी बराच अडलो. रुग्णालयाची बार्ज सुंदर झाली, पांढरी, छोट्या खिडक्यांची. पाहणारे तिचंच कौतुक करतील आणि धमकीचा भाग निसटेल. म्हणून एकाच बटणावर दोन दिवे जोडले, बार्जचा आणि गव्हर्नरच्या हुकुमाच्या फलकाचा. एक लावला की दुसरा लागतोच. काकांचं मत वेगळं आहे. ते म्हणतात, साथीत कडक वागल्याशिवाय इलाज नसतो. माझं म्हणणं, लोकांनी डॉक्टरवर विश्वास का ठेवला नाही याचं उत्तर त्या हुकुमात नाही. दोघांचंही म्हणणं फलकाखाली लिहायचं ठरलं.

२४ ऑगस्ट

कुनाविनोचा कोपरा आजपर्यंत नुसता करड्या रंगाचा होता. भरावाच्या रेघेबाहेरचा. खानावळी, दारूची दुकानं, मजुरांची दाटी इथेच. जून १८८४ मध्ये, जत्रा उघडण्याआधी, इथे ज्यूंवर जमावानं हल्ला केला आणि माणसं मारली गेली. गव्हर्नर तेव्हाही बारानोव्हच होता.

प्रदर्शन समितीतल्या एकांनी सुचवलं की हा भाग जत्रेचा नाही, तर कशाला घ्यायचा. मी घेतला. आतल्या बाजारात ठिणगी पडू नये म्हणून जमिनीखाली दगडी गटारं बांधणारी ही व्यवस्था कालव्यापलीकडे राहणाऱ्या माणसांना वाचवू शकली नाही. कालवा, भराव, पूल, परवाना, सगळं मालाभोवती आखलेलं होतं. ते फळीवर मोजपट्टी लावून दिसतं. कुनाविनोला दिवा दिला आहे, पण पोलिसांच्या वाटेच्या बटणांना तो जोडलेला नाही. त्याचं बटण वेगळं, कोपऱ्यातच.

६ सप्टेंबर

गणपतीत काम थांबलं होतं. आज विसर्जनाच्या गर्दीआधी, सकाळीच टेम्पोनं फळी वाचनालयात नेली. कडा फुटू नये म्हणून चारही बाजूंना पाइपचा फोम बांधला होता, त्याचा उपयोग झाला. क्रेमलिनचा एक बुरूज तेवढा निसटला, जागेवरच चिकटवला.

खर्चाचा हिशोब, हे करू पाहणाऱ्यांसाठी: प्लायवुड, पट्ट्या आणि मजुरी मिळून सुमारे २,७००. इपॉक्सी २,२००, सगळ्यात महाग तेच. सनबोर्ड, थर्माकोल, रंग १,६००. दिवे, वायर, अडॅप्टर, बटणं १,१००. आणि वाया गेलेलं १,४००. पावसाळ्याऐवजी हिवाळ्यात केलं असतं तर निम्मा वेळ वाचला असता. वायरिंगची भोकं थर्माकोल चिकटवण्याआधी पाडा.

बटणांपैकी भुयाराच्या दिव्याचं बटण मुलांनी पहिल्याच तासात इतकं दाबलं की ते आत अडकलं. उद्या मोठं, दारावरच्या घंटीसारखं बटण आणून बसवतो.